पाहुणा उतरतो घरात, वावरतो गावात

आपल्या राहत्या घरात प्रवाशांना उतरवून घेण्याविषयी, विशेषतः लहान गावांतून, या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांब पत्रांचा केवळ गाभा दिला आहे.

प्रश्न : आमचे गाव जेमतेम साठ घरांचे. मुले बाहेरगावी स्थायिक झाली, त्यामुळे माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत. तिथे प्रवाशांना ठेवावे असे आम्ही पती-पत्नींनी ठरवले आहे. काही शेजाऱ्यांनी मात्र आतापासूनच नाके मुरडली आहेत. घर आमचे, खोल्या आमच्या, मग शेजाऱ्यांना विचारायचे कशासाठी, असे मला वाटते. पत्नी म्हणते, आधी विचारू. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटते. मी स्वतः अठरा वर्षे एका लहान गावातल्या घरी प्रवाशांना ठेवून घेतले आहे आणि त्या काळातली माझी सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच झाली होती.

मोठ्या शहरात कोणाकडे पाहुणा आला, तर तो जिना चढून खोलीत जातो आणि शेजारच्या दाराला त्याची गंधवार्ताही नसते. साठ घरांच्या गावात तसे होत नाही. तो लोकांच्या बांधावरून चालतो, पाणवठ्यापाशी थांबतो, अंगणात खेळणाऱ्या मुलांशी बोलतो, आणि रात्री उशिरा परतला तर कुत्री भुंकून अर्धी आळी जागी करतात. त्याने दिलेले पैसे तुमच्या हातात पडतात, त्याच्या वावराचा भार मात्र सगळ्यांवर पडतो. शिवाय प्रवासी ज्या गोष्टींसाठी एवढ्या लांब येतो त्या निम्म्याहून अधिक तुमच्या मालकीच्या नाहीतच. ती शांतता, ती पायवाट, अनोळखी माणसाशीही थांबून चार शब्द बोलण्याची रीत, हे सारे गावाचे सामाईक धन आहे. ते तुम्ही परस्पर देऊ करत असाल, तर ज्यांचे ते आहे त्यांना विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, पण त्याहून अधिक तो त्यांचा हक्क आहे.

माझी चूक अशी झाली. पहिल्याच वर्षी आमच्याकडे उतरलेल्या एका तरुणाने सकाळी ओढ्याच्या वळणावर ड्रोन उडवला. त्याला केवळ ते वळण वरून टिपायचे होते. त्या वेळी तिथे बायका धुणे धूत होत्या, दोघीतिघी आंघोळ करत होत्या. डोक्यावर घोंघावणारे ते यंत्र पाहून त्या ओले कपडे तसेच छातीशी धरून पळत घरी आल्या. तो मुलगा ओशाळला, त्याने चित्रण आमच्यासमोर पुसून टाकले आणि घरोघर जाऊन क्षमा मागितली. त्याच्यावर मी कधीच दोष ठेवला नाही, कारण सकाळी ओढ्याकडे जायचे नाही हे त्याला मी सांगितलेच नव्हते, आणि मला ते सुचले नव्हते, कारण त्या बायकांना मी काही विचारलेच नव्हते. त्या घरांशी पूर्वीसारखे बोलणे सुरू व्हायला पुढचे अख्खे वर्ष गेले.

म्हणून विचारायचे कसे, तेही सांगते. बैठक बोलावून विचारू नका. बैठकीत दोन मोठे आवाज बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. दोघांनी मिळून घरोघर जा, आणि जिथे पुरुष बोलतील तिथे बायकांशीही वेगळे बोला. ‘आम्ही पाहुणे ठेवले तर चालेल ना?’ असा प्रश्न मुळीच विचारू नका. त्यावर भिडेखातर सगळे ‘चालेल की’ म्हणतात आणि मनातले मनातच राहते. त्याऐवजी विचारा, ‘काय झालेले तुम्हाला खपणार नाही?’ या प्रश्नाला खरी उत्तरे मिळतात. कोणी म्हणेल, माझ्या अंगणातून वाट काढू नये. कोणी म्हणेल, आमच्या मुलांचे फोटो काढू नयेत. कोणी म्हणेल, आटत्या दिवसांत पाहुण्यांनी पाणी कसेही वापरलेले बघवणार नाही. हे सारे वहीत लिहून घ्या, त्यातून एक पानभर सूचना तयार करा आणि ते पान प्रत्येक पाहुण्याला येण्यापूर्वीच पाठवा. ते पान शेजाऱ्यांनाही दाखवा. आपले म्हणणे कागदावर उतरलेले पाहिले की माणसाच्या मनातली अढी बरीच सैल होते.

जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये, बाहेरून येणाऱ्यांविषयी स्थानिकांच्या भावना कशा पालटत जातात याची एक चौकट मांडली होती. आधी उत्साह, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी उघड वैर असे तिचे चार टप्पे आहेत. प्रत्येक गाव याच पायऱ्यांनी जाते असे नाही आणि त्या चौकटीवर पुढे टीकाही झाली, परंतु एक गोष्ट तिच्यातून नीट कळते, ती म्हणजे सुरुवातीचे स्वागत हे कायमचे नसते आणि ते टिकवावे लागते. तुमच्याकडे तर स्वागताआधीच नाके मुरडली गेली आहेत. त्याचा अर्थ गाव वाईट आहे असा होत नाही, गावाला अजून कोणी विचारलेले नाही एवढाच होतो.

लाभ वाटून घेण्याचे मार्गही आहेत. नेपाळच्या स्यांग्जा जिल्ह्यातील सिरुबारी या गावाने १९९७ मध्ये पाहुणे ठेवायला सुरुवात केली तेव्हा प्रवासी कोणा एका घराचा न मानता गावाचा मानला. गावची समिती त्याचे स्वागत करते आणि कोणत्या घरी तो उतरेल ते पाळीपाळीने ठरवते, त्यामुळे घराघरांत चढाओढ लागण्याचे कारण उरत नाही. इटलीत १९७६ च्या भूकंपाने उत्तरेकडील फ्रिउली भागातली गावे उद्ध्वस्त झाल्यावर, ओस पडलेली जुनी घरे पुन्हा वापरात कशी आणावीत या विचारातून ‘विखुरलेल्या हॉटेला’ची कल्पना पुढे आली आणि जियानकार्लो दाल्लारा यांनी तिला आकार दिला. तिथे खोल्या गावातल्या वेगवेगळ्या घरांत असतात, नोंदणी आणि व्यवस्था मात्र एका ठिकाणाहून चालते. तुमच्या दोन खोल्यांसाठी एवढा व्याप नको हे मान्य. पण चादरी धुण्याचे काम एका घराला, ने-आण करण्याचे दुसऱ्याला, वाट दाखवण्याचे तिसऱ्याला आणि शिधा शक्य तेवढा गावातूनच, इतके तर पहिल्या महिन्यापासून करता येईल. ज्या दिवशी शेजारी स्वतःहून विचारेल की पुढचे पाहुणे कधी येणार, त्या दिवशी तुमचे काम मार्गी लागले असे समजा.

प्रश्न : पाहुण्याकडून पैसे घेतले की तो पाहुणचार राहत नाही, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. जगात फुकट ठेवून घेणारेही लोक आहेत म्हणे. पैसे घ्यावेत की नाही?

उत्तर : फुकट ठेवून घेणारे आहेत, आणि त्यांची परंपरा आदर वाटावा अशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, डेन्मार्कमधील आस्कोव येथे बॉब लुइटवायलर या युद्धविरोधी अमेरिकन तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी ‘सर्व्हास’ या चळवळीची सुरुवात केली. वेगवेगळ्या देशांतली माणसे एका छताखाली राहिली, एका पंक्तीला जेवली, तर त्यांच्यातला संशय कमी होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. तिथे आजही यजमान पैसे घेत नाही. ‘सर्व्हास’ हा शब्द एस्पेरांतो या, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ ‘सेवा करतो’ असा होतो. एस्पेरांतो बोलणाऱ्यांनी १९७४ पासून ‘पासपोर्ता सर्व्हो’ या नावाने यजमानांची यादीच छापायला घेतली. तिच्यातल्या घरी फुकट राहता येते, अट एवढीच की तुम्हाला ती भाषा यायला हवी. इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कॉपर्ड या लंडनमधील बाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतीवर राबायला नेण्यास सुरुवात केली. त्यातून पुढे ‘वूफ’ ही चळवळ जगभर पसरली. तिथे पाहुणा श्रम देतो, यजमान अंथरूण आणि जेवण देतो, पैसा मध्ये येत नाही.

‘काउचसर्फिंग’चे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. अनोळखी प्रवाशाला घरी फुकट झोपायला जागा देणाऱ्यांचे ते संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले, २०११ मध्ये त्याची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० मध्ये सदस्यांकडून वर्गणी घेण्यास सुरुवात झाली. वर्षानुवर्षे आपली घरे विनामूल्य उघडणाऱ्या अनेक यजमानांना ते लागले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना पैशापेक्षा हे लागले की ज्या बोलीवर नाते सुरू झाले ती बोली मध्येच बदलली.

माझा स्वतःचा कौल पैसे घेण्याकडे आहे. फुकट पाहुणचार ज्याची ऐपत आहे त्यालाच परवडतो. गावात तीच प्रथा पडली, तर पाहुणे मोठ्या घरांतच उतरत राहतील आणि ज्या घराला चार पैशांची खरी गरज आहे ते दारातून बघत राहील. वडीलधाऱ्यांना सांगा की पैसे खोलीचे, पाण्याचे आणि श्रमाचे घेतो, मायेचे घेत नाही. मात्र घ्यायचे तर रक्कम आधी सांगून, लिहून घ्या. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. त्याने पाहुणा अवघडतो, आणि त्याने कमी दिले की यजमानाच्या मनात कडवटपणा साठतो, आणि तो बोलूनही दाखवता येत नाही.

प्रश्न : सासरच्या मंडळींनी घरात प्रवासी ठेवायचे ठरवले आहे. ठरवताना मला कोणी विचारले नाही. स्वयंपाक, अंथरुणे, झाडलोट सारे माझ्याकडे येणार हे उघड आहे. नकार दिला तर मी माणूसघाणी ठरेन. माझी दोन मुले लहान आहेत.

उत्तर : ताई, या महिन्यातल्या पत्रांपैकी तुमचे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. पहिल्या उत्तरात मी शेजाऱ्यांना विचारण्याविषयी इतके लिहिले, पण ते विचारणे उंबऱ्याच्या आतून सुरू व्हायला हवे. ‘आम्ही पाहुणे ठेवतो’ या वाक्यातला ‘आम्ही’ बहुतेक घरांत एकाच बाईच्या दोन हातांवर उभा असतो.

भांडण न करता एक काम करा. एक वही घ्या आणि सध्याचा तुमचा एक साधा दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, घड्याळ लावून लिहा. मग शेजारच्या रकान्यात पाहुणे असतील त्या दिवसाची भर घाला. त्यात काय काय येते ते मी अनुभवाने सांगते. दोन पाहुणे म्हणजे दोन खालच्या चादरी, दोन पांघरुणे, दोन अभ्रे, चार टॉवेल. हे सारे धुवायचे, वाळवायचे आणि पावसाची झड लागली असेल तर घरभर दोऱ्या बांधून पंख्याखाली फिरवत बसायचे. पाहुणा एक रात्र राहिला काय नि तीन रात्री राहिला काय, धुणे तेवढेच. न्याहारीची वेळ तो ठरवतो, म्हणून तुमची पहाट त्याच्या वेळेला बांधली जाते. तो फिरून केव्हा परतेल ते माहीत नसते, म्हणून संध्याकाळी तुम्हाला कुठे जाता येत नाही. ही शेवटची बाब कोणाच्याच हिशेबात नसते आणि मला विचाराल तर सर्वांत जड तीच असते.

वही पुरी झाली की ती घरातल्या सर्वांसमोर ठेवा आणि पुढील गोष्टी आधी ठरवून घ्या. कोणते काम कोण करणार, हे नावानिशी लिहिलेले असावे, आणि त्यात पुरुषांची नावे असावीत. मिळकतीचा ठरलेला भाग तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. महिन्यातले काही दिवस, आणि मुलांच्या परीक्षेचे व आजारपणाचे सारेच दिवस, दार बंद असावे. एका रात्रीसाठी कोणालाही घेऊ नये, कारण धुण्याचा हिशेब वर दिलाच आहे. आणि घरातली एक खोली अशी असावी जिच्या आत पाहुणा कधीही येणार नाही, जिथे तुम्हाला केस मोकळे सोडून मुलांशेजारी लवंडता येईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेल्या कोणत्याही बुकिंगला नाही म्हणण्याचा अधिकार तुम्हाला असावा, आणि त्यासाठी कारण द्यावे लागू नये.

हे सारे नाकारले गेले तर नकार द्या. त्याने तुम्ही माणूसघाण्या ठरत नाही. तुमच्या सासरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. घरातल्या बाईवर पाहुणे लादले गेले असतील, तर पाहुण्याला ते पहिल्याच संध्याकाळी कळते. भांडी जरा जोरात ठेवली जातात, हाकेला ओ उशिरा येते, आणि तो बिचारा आपण कोणाला जड झालो आहोत हे ओळखून मुकाट्याने जेवतो.

प्रश्न : खोली कशी असावी? वातानुकूलन, टीव्ही, वाय-फाय नसेल तर लोक येतील का?

उत्तर : येतील. आधीच कळवले असेल, तर यांपैकी काही नसले तरी लोक चालवून घेतात. नसलेली गोष्ट आहे असे सांगितलेले मात्र कोणी चालवून घेत नाही. मोबाइलची रेंज फक्त टेकाडावर मिळते, वीज दुपारी जाते, शौचालय खोलीच्या बाहेर आहे, हे सारे आधी कळवा, आणि फोटो आज जशी खोली आहे तसेच काढा.

बाकी माझा सल्ला एकच. पाहुणा येण्यापूर्वी त्या खोलीत तुम्ही स्वतः एक रात्र झोपून पाहा, घरच्यासारखे नव्हे, परक्यासारखे. दिव्याचे बटण अंथरुणातून हाताला लागते का? मध्यरात्री शौचालयाला जायचे झाले तर कोणाला न उठवता, न ठेचकाळता जाता येते का? दाराला आतून कडी आहे का? ओला टॉवेल टाकायला दोरी किंवा खुंटी आहे का? आमच्या खोलीत मी पहिल्या रात्री झोपले तेव्हा कळले की छताच्या एका फटीतून पहाटेचा उजेड नेमका उशीवर पडतो. त्या घरात मी किती वर्षे राहत होते, पण मला ते ठाऊक नव्हते. उशाशी एक बॅटरी आणि पाण्याचा झाकलेला तांब्या ठेवा. सेप्टिक टँक असेल तर शौचालयात काय टाकू नये हे चित्रासह लिहून लावा, कारण तो तुंबला की गावात दुसरी सोय नसते.

प्रश्न : अनोळखी माणसाला घरात घेताना भीती वाटते. खात्री कशी करावी?

उत्तर : भीती रास्त आहे. वर ज्या सर्व्हासचा उल्लेख केला, ती चळवळ माणसावरच्या विश्वासातून उभी राहिली, तरी तिथेही प्रवाशाची आधी मुलाखत होते आणि मगच त्याला परिचयपत्र मिळते. तेव्हा विचारपूस केल्याने पाहुण्याचा अपमान होतो असे समजू नका. येण्याआधी त्याच्याशी फोनवर दहा मिनिटे बोला. किती जण, किती दिवस, कशासाठी, हे विचारा, आणि मनाला पटले नाही तर तेव्हाच नाही म्हणा. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला परत पाठवणे त्याहून फार अवघड असते. आल्यावर ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करा. परदेशी पाहुण्याची माहिती ठरावीक मुदतीत अधिकाऱ्यांना कळवणे अनेक देशांत यजमानावर बंधनकारक असते, काही ठिकाणी ही मुदत २४ तासांचीच आहे, म्हणून पहिला पाहुणा घेण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम तपासून घ्या. एकट्या बाईने पाहुणे घ्यावेतच असे नाही. घ्यायचे असतील तर फक्त स्त्रिया किंवा कुटुंबे घेण्याची अट घालायला संकोचू नये.

पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी तुमचीच आहे. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही.

प्रश्न : आमचा पहिलाच पाहुणा दोन दिवस राहिला. खोलीतून फारसा बाहेर आला नाही, जेवतानाही मोबाइलमध्येच होता. आम्ही इतक्या उत्साहाने तयारी केली होती. मनाला फार लागले. आमचे काय चुकले?

उत्तर : तुमची तयारी चुकली नाही. काही माणसे भेटायला येतात, तर काही केवळ कोणी काही विचारू नये म्हणून लांबवर येतात, आणि ही दुसरी माणसे बहुधा फार थकलेली असतात. त्याने दोन रात्री शांत झोप घेतली असेल तर ते तुमच्या घरानेच त्याला दिले. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपण पाहुण्याच्या संदर्भात वापरतो, पण यजमानाच्या आग्रहालाही तशीच मर्यादा असावी. गप्पा, गावफेरी, ओळखीपाळखी हे सारे पहिल्याच दिवशी पुढ्यात वाढले तर बुजऱ्या माणसाला आणखी बुजल्यासारखे होते.

तुमच्याकडून राहिली ती एकच गोष्ट, त्याला काय हवे आहे हे विचारणे. पुढच्या पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी सरळ विचारा, ‘आमच्याबरोबर बसून जेवाल की ताट खोलीत पाठवू?’ विचारताना दोन्ही उत्तरे तुम्हाला सारखीच चालतील असा आवाज असू द्या. तो खोलीत म्हणाला तर ताट झाकून वर पोहोचवा, आणि तुम्ही आपल्या वेळेला जेवून घ्या.